नळ, गटार आणि मतपत्रिका

मंडळी, एका कबुलीने सुरुवात करतो. माझं आयुष्यातलं पहिलं मत मी पुण्यात दिलेलं नाही. ते दिलं लंडनमध्ये, ३ मे २०१८ रोजी, एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने. तेव्हा माझा पासपोर्ट भारताचा होता, व्हिसा नोकरीचा होता, आणि या देशात येऊन मला जेमतेम सात महिने झाले होते.

पुण्यात मत का दिलं नाही, याचं उत्तर लाजिरवाणं आहे. २१ फेब्रुवारी २०१७ ला पुणे महापालिकेची निवडणूक होती. मंगळवार, आणि सुट्टी. आम्ही चार मित्रांनी सोमवारची रजा टाकली, गाडी काढली आणि सरळ अलिबाग गाठलं. आई-बाबा मात्र सकाळी सातलाच रांगेत उभे होते. संध्याकाळी बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "मासे चांगले होते का?" त्यातलं बोचणं मला तेव्हा कळलं नाही.

तर झालं असं, की लंडनला आल्यावर एक दिवस काउन्सिलचा फॉर्म दारातून आत पडला. घरात कोण कोण राहतं आणि मतदार यादीत कोणाची नावं घालायची, ते भरून पाठवा म्हणे. मला वाटलं काहीतरी घोटाळा आहे. मी प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं, "बाई, मी ब्रिटिश नागरिक नाही." पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "भारतीय ना? म्हणजे कॉमनवेल्थ नागरिक. फॉर्म भरा आणि पाठवून द्या."

मतदानाच्या दिवशी नाव आणि पत्ता विचारला, यादीवर पट्टी ठेवून नावावर रेघ मारली आणि हातात कागद दिला. बोटाला शाई नाही की काही नाही. लहानपणापासून आई-बाबांच्या बोटावर पाहिलेली ती जांभळी रेघ आपल्या बोटावर कधी आलीच नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

घरी येऊन आजोबांना फोन केला. ते तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी विचारलं, "तिथली घरपट्टी कोण भरतं? तू का घरमालक?" मी म्हटलं, "मीच. इथे भाडेकरूच भरतो." "मग ठीक आहे," आजोबा म्हणाले. "भरतोस तर विचार. माझ्या वडिलांना ते नशिबात नव्हतं." आणि त्यांनी मला परळच्या चार रुपये भाड्याच्या खोलीची गोष्ट सांगितली. ती गोष्ट समजून घ्यायला मी वाचायला लागलो, आणि हा लेख त्यातूनच झाला.

चार रुपयांची खोली

माझे पणजोबा गिरणीत साचे चालवायचे. परळच्या चाळीत खोली, महिना चार रुपये भाडं. नळ सामाईक, संडास सामाईक, पावसाळ्यात गटाराचं पाणी जिन्यापर्यंत. म्हणजे महापालिकेशी ज्याचा संबंध दिवसातून दहा वेळा यायचा असा हा माणूस. पण त्या महापालिकेच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं.

याचं मूळ शोधायला १८६५ सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी मुंबईसाठी नवा कायदा झाला आणि शहराचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे जे.पी. मंडळी, नावापुरते देखरेखीला. क्रॉफर्ड साहेब कामाचा माणूस होता. गटारं, रस्ते, बाजार त्याने धडाक्यात केले. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात ती क्रॉफर्ड मार्केट त्याच काळातली. पण खर्चाला धरबंद राहिला नाही, करदाते खवळले आणि १८७१ मध्ये साहेबांना जावं लागलं.

आता गंमत बघा. सगळे म्हणत होते, कमिशनरचे अधिकार काढून घ्या. सव्वीस वर्षांचा एक तरुण बॅरिस्टर मात्र फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहून वेगळंच म्हणाला. काम करायला एकच जबाबदार अधिकारी असू द्या, पण त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असू द्या. त्या तरुणाचं नाव फिरोजशहा मेहता. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर बिघाड यंत्रात नव्हता, यंत्रावर लक्ष ठेवणारा योग्य माणूसच नेमलेला नव्हता.

१८७२ चा कायदा बऱ्याच अंशी याच विचाराने झाला. ६४ सभासद: १६ सरकारने नेमलेले, १६ जे.पीं.नी निवडलेले आणि ३२ करदात्यांनी निवडलेले. १८७३ मध्ये मुंबईत पहिली निवडणूक झाली. पण करदाता म्हणजे कोण? वर्षाला किमान ५० रुपये पालिकेचा कर भरणारा. तेव्हाचे पन्नास रुपये! म्हणजे पेढीवाले, घरमालक, वकील, व्यापारी. गिरणी कामगार, हमाल, भंगी, कोळीण यांना सभागृहात जागा नव्हतीच, पण निवडीतही हात नव्हता.

पुढे १८८८ चा कायदा आला. तो अनेक दुरुस्त्यांसह आजही मुंबईला लागू आहे. सभासद झाले ७२ आणि त्यातले ३६ वॉर्डांतून निवडलेले. या कायद्यामागेही फिरोजशहांची मेहनत होती. त्यांचा दबदबा एवढा वाढला, की १९०७ मध्ये काही बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी संगनमत करून त्यांना पाडायचा घाट घातला. जे.पीं.च्या १६ जागांसाठी निवडणूक होती, फिरोजशहा आले सतरावे! पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द झाली आणि फिरोजशहा आत आले. तेव्हा पालिकेची निवडणूक म्हणजे काहीतरी किरकोळ, असं कोणी म्हणालं तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

१९२२ मध्ये दार आणखी थोडं उघडलं. महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्या भाडेकरूलाही मत मिळालं. स्त्रियाही सभागृहात आल्या. सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले या त्यातल्या पहिल्या. पण दहा रुपये कुठे आणि पणजोबांचे चार रुपये कुठे! दार उघडलं तरी त्यांचा पाय उंबऱ्याबाहेरच राहिला.

प्रौढ मतदान मुंबई महापालिकेला मिळालं ते १९४८ मध्ये. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे, म्हणजे त्यांना स्वतःला मत नव्हतं. पण वडिलांबरोबर ते मतदान केंद्रापर्यंत गेले. पणजोबांनी त्या दिवशी धुतलेलं धोतर आणि लग्नकार्यातला कोट घातला होता म्हणे. परत आल्यावर चाळीतल्या कोणीतरी विचारलं, "काय मिळालं?" पणजोबा म्हणाले, "नळाला माझं नाव लागलं."

एक हात आणि एक ठराव

मुंबईत मतदारांचा प्रश्न होता, तर पुण्यात वेगळा. तिथे सुरुवातीला सगळे सभासद सरकारनेच नेमायचे. नेमलेला माणूस नेमणाऱ्याच्या विरोधात कशाला जाईल? पण एक जण गेला. जोतिराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते आणि त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरलं. जोतिरावांचं म्हणणं, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकच पडलं, त्यांचं. ठराव अर्थात मंजूर झाला. पण आज त्या बाकीच्या एकतीस जणांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

१८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि निवडून दिलेल्या सभासदांचं प्रमाण वाढायला लागलं. १८९५ मध्ये लोकमान्य टिळक पुणे नगरपालिकेवर निवडून गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष होते. देशाचं राजकारण करणारी ही माणसं गटाराच्या आणि पाण्याच्या बैठकांना बसत होती, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती महाडची गोष्ट. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या सगळ्यांना माहीत असतो, पण त्यामागचे नगरपालिकेचे दोन ठराव फारसे कोणी सांगत नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्य मानलेल्यांनाही खुल्या असाव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक महाडात होते म्हणून एवढं तरी झालं. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावरचा पहारा तसाच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर काय झालं? लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. निवडून आलेल्या सभेनेच दिलेला हक्क निवडून आलेल्या सभेनेच काढून घेतला! कारण ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता, त्यांच्यापैकी मतदार यादीत फारच थोडे होते. सभासदांना त्यांची भीती नव्हती, बाकीच्यांची होती. पुढे कोर्टात दहा वर्षं गेली आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळं सार्वजनिक असल्याचा निकाल दिला.

मला यातून कळलेली गोष्ट साधी आहे. ठराव कोणाच्या बाजूने होणार, हे बऱ्याचदा ठरावाच्या दिवशी ठरत नाही. ते यादी तयार होते त्या दिवशीच ठरलेलं असतं.

साहेबाच्या देशातही तेच

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्रजांनी आपल्याला कमी लेखून केलं. काही अंशी खरं आहे. पण इथला इतिहास वाचला तर दिसतं, की स्वतःच्या गरिबांनाही त्यांनी असंच ताटकळत ठेवलं होतं. १८३५ च्या कायद्याने इथल्या शहरांत कर भरणाऱ्यांनी निवडलेली काउन्सिलं आली. १८७३ मध्ये मुंबईत पहिली निवडणूक झाली, त्याच वर्षी इकडे बर्मिंगहॅममध्ये जोसेफ चेंबरलेन महापौर झाले. खासगी कंपन्यांकडचा गॅस आणि पाणी त्यांनी शहराच्या मालकीचं केलं.

बायकांना पार्लमेंटसाठी मत मिळायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी, १८६९ मध्येच, कर भरणाऱ्या बायकांना पालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं. पण तीन वर्षांत कोर्टाने सांगितलं, लग्न झालेल्या बाईला नाही! १९०७ मध्ये त्यांना काउन्सिलवर निवडून यायचा हक्क मिळाला आणि पुढच्याच वर्षी डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ऑल्डबरो या गावाच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या पहिल्या, महिला महापौर झाल्या.

आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं. पार्लमेंटसाठी सर्व प्रौढांना मत १९२८ मध्येच मिळालं होतं, पण पालिकेच्या निवडणुकीत मात्र जागा भाड्याने घेणारा किंवा मालक आणि त्याचा जोडीदार यांनाच मत, हा नियम १९४५ पर्यंत चालू होता. दुसऱ्याच्या घरात राहणारी नोकर माणसं, आई-वडिलांकडे राहणारी मोठी मुलं या यादीत नव्हती. उत्तर आयर्लंडमध्ये तर हे १९६० चं दशक संपेपर्यंत चाललं आणि 'एक माणूस, एक मत' म्हणून लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. म्हणजे लंडनला १९४५ आणि मुंबईला १९४८. फक्त तीन वर्षांचा फरक! परळमधल्या पणजोबांना आणि लंडनमधल्या एखाद्या मोलकरणीला हे मत जवळपास एकाच वेळी मिळालं.

आपल्या आधी आलेले

मला मिळालेलं मत आलं कुठून? साम्राज्यातला प्रत्येक जण राजाचा प्रजाजन, म्हणून इथे राहत असेल आणि बाकीच्या अटी पुऱ्या करत असेल तर त्याला मतही आणि उमेदवारीही. याच जोरावर दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी पार्लमेंटवर निवडून गेले. त्याआधी ते मुंबई महापालिकेतही होते. त्याच फिन्सबरीत १९३८ मध्ये डॉ. चुनीलाल कतियाल महापौर झाले, ब्रिटनमधले पहिले दक्षिण आशियाई महापौर. गरिबांसाठी सगळे उपचार एका छताखाली देणारं फिन्सबरी हेल्थ सेंटर त्याच वर्षी उघडलं. तेव्हा एनएचएस यायला दहा वर्षं अवकाश होता. शेजारच्या सेंट पँक्रासमध्ये व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ पासून १९४७ पर्यंत काउन्सिलर होते. नंतरचे संरक्षणमंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण तिथले जुने लोक त्यांची आठवण काढायचे ती वाचनालयांसाठी.

साम्राज्य गेलं, १९४८ च्या कायद्याने 'प्रजाजन'च्या जोडीला 'कॉमनवेल्थ नागरिक' हा शब्द आला, पण मताचा हक्क तसाच राहिला. आम्ही याला लेगसी कोड म्हणतो. जुन्या काळी कोणीतरी लिहिलेलं, अजून चालणारं आणि म्हणून कोणी काढून न टाकलेलं.

शनिवारची शाळा

आता शेवटची गोष्ट, आणि तीही कबुलीच. आपल्या मंडळाची शनिवारची मराठी शाळा आमच्या वॉर्डातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये भरायची, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. काही वर्षांपूर्वी पैशांची ओढाताण म्हणून शनिवारी वाचनालय बंद करायचा प्रस्ताव आला. मी तिन्ही काउन्सिलरना पत्रं लिहिली. त्यातल्या एक बाई खरोखरच आल्या. मुलांची बाराखडी ऐकली, दिवाळीच्या नाटकाची तालीम पाहिली. जाताना दारात त्यांनी मला हळूच विचारलं, "यांच्या आई-वडिलांपैकी मतदार यादीत किती जण आहेत?"

मी त्या रात्री सगळ्यांना फोन करून मोजलं. एकतीस पालकांपैकी नऊ. बाकीच्यांची कारणं ठरलेली. आपण कुठे इथले? आपल्याला हक्क आहे हेच माहीत नव्हतं. फॉर्म आला होता, टाकून दिला. आणि एक जण म्हणाला, "अरे, दोन वर्षांत परतच जाणार आहोत." हे तो नऊ वर्षं म्हणत होता!

शनिवार बंद झाला. शाळा चर्चच्या हॉलमध्ये गेली, तिथे भाडं पडतं, म्हणून फी वाढली आणि दोन घरांनी मुलं काढली. त्या बाईंनी विरोधात मत दिलं होतं. जोतिरावांच्या बत्तिसातल्या एकासारखं.

पुढच्या गणेशोत्सवात आम्ही प्रसादाच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडलं, मतदार नोंदणीचं. मोदक घ्या आणि नाव नोंदवा! आता शाळेतल्या एकतीसपैकी सव्वीस पालकांची नावं यादीत आहेत.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वैध व्हिसावर राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या भारतीय नागरिकाला इथल्या काउन्सिलच्याच नाही, तर पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत आहे. मे २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यात भारतीय पासपोर्ट चालतो. काउन्सिलसाठी उभं राहायचं असेल तर मात्र कायम राहण्याची परवानगी हवी. शिवाय नाव यादीत हवं, किंवा वर्षभर त्या भागात राहत वा काम करत असायला हवं. अनामत रक्कम नाही, आणि अर्जावर दोन मतदारांच्या सह्या पुरतात. मे २०२२ मध्ये एका पक्षाच्या कार्यकर्त्याने मला उभा राहशील का म्हणून विचारलं होतं. तेव्हा मला मत होतं, पण कायम परवानगी नव्हती. आता तीही आहे. म्हणजे पूर्वीचं सोयीचं कारण गेलं, उरला तो माझा संकोच.

दुसरीकडे ब्रिटिश पासपोर्ट घ्यावा का, हा प्रश्न तुमच्यासारखाच माझ्याही घरात आहे. घेतला की भारतातलं मत गेलं. ओसीआय कार्डावर मत मिळत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवला तर २०१० च्या दुरुस्तीमुळे अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः तिथे हजर राहावं लागतं.

आणि तिथे तरी काय झालं? मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होते. १८६५ मध्ये कमिशनर होता आणि त्याला जाब विचारणारं निवडलेलं कोणी नव्हतं. दीडशेहून जास्त वर्षांनी आपण काही काळ पुन्हा तिथेच जाऊन बसलो. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पालिकांच्या वेळेवर निवडणुका घटनेतच घातल्या आहेत, तरीही. हक्क एकदा मिळाला की तो आपला, असं नसतं. महाडने हेच दाखवलं होतं.

त्या १५ जानेवारीला आई-बाबांनी फोटो पाठवला. दोन बोटं, दोन शाईच्या रेघा. बाबांनी खाली लिहिलं होतं, "चार वेळा बटण दाबलं. प्रभागातून चार जण निवडायचे असतात. तुझं एक राहिलं." या वेळी मासे चांगले होते का, असं त्यांनी विचारलं नाही.

आजोबा आता नाहीत. असते तर त्यांनी पुन्हा घरपट्टीचंच विचारलं असतं. मंडळी, फराळ झाला की एवढं करा. आपलं नाव यादीत आहे का, ते बघा. शेजारच्या मराठी घरातही विचारा. आणि कोणाला माझ्या अर्जावर सही करायची इच्छा असेल, तर मला दोनच लागतात.

शुभ दीपावली!